होडीचा पंखा

(यंत्रावर चालणाऱ्या होडीला पाण्यात पुढे ढकलतो तो तिचा पंखा. हा पंखा तुटला तर नवा पंखा कसा निवडावा, याची माहिती या पाठात दिली आहे. वस्तू निवडताना किंमत आणि दिखावा यांपेक्षा काम पाहावे, हा विचारही पाठातून समजतो.)

विद्यार्थी मित्रांनो, आपले नागपूर समुद्रापासून फार दूर आहे. रेल्वेने मुंबई गाठायची तर आठशे किलोमीटरहून जास्त प्रवास करावा लागतो. तरीही होडी आपल्याला अगदीच परकी नाही. विदर्भातल्या तलावांवर ढिवर बांधव डोंगा घेऊन मासे पकडतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात मुसळधार पाऊस झाला. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नाग नदीचे पाणी वस्त्यांमध्ये शिरले. तेव्हा बचाव पथकांनी बोटी आणून घरांत अडकलेल्या लोकांना बाहेर काढले. अशा बोटींच्या मागच्या बाजूला एक सुटे इंजिन बसवता येते. कोकणातले मच्छीमारही लहान होड्यांवर असेच इंजिन लावतात. त्याला आउटबोर्ड इंजिन म्हणतात.

हे इंजिन होडीच्या मागच्या फळीवर घट्ट अडकवलेले असते. त्याचा वरचा भाग पाण्याबाहेर राहतो. खालचा भाग पाण्यात बुडलेला असतो आणि त्याच्या टोकाला पाती असलेले एक चक्र असते. इंग्रजीत त्याला प्रोपेलर म्हणतात. आपले मच्छीमार त्याला सरळ ‘पंखा’ म्हणतात. हे नाव अगदी योग्य आहे. उन्हाळ्यात आपण घरात कूलर लावतो. कूलरचा पंखा हवा ढकलतो, तसा होडीचा पंखा पाणी मागे ढकलतो. पाणी मागे ढकलले गेले की होडी पुढे जाते. विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही न्यूटनचा गतीविषयक तिसरा नियम शिकता. क्रियेइतकीच प्रतिक्रिया उलट दिशेने होते, हाच तो नियम.

पूर्वी आगबोटींना दोन्ही बाजूंनी मोठी चाके असत. चाके फिरली की त्यांच्या फळ्या पाणी कापत. १८३६ साली इंग्लंडमधील फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाच्या शेतकऱ्याने पाण्याखाली फिरणाऱ्या स्क्रूचे पेटंट घेतले. त्याच वर्षी जॉन एरिक्सन या स्वीडिश इंजिनिअरनेही तशाच कल्पनेचे पेटंट घेतले. स्मिथचा स्क्रू लाकडाचा होता आणि त्याला दोन पूर्ण वेढे होते. कालव्यात चाचणी चालू असताना तो कशावर तरी आपटला आणि त्याचा अर्धा भाग तुटून गेला. आता बोट थांबणार असे वाटले, पण ती उलट अधिक वेगाने धावू लागली! मोठा पंखा म्हणजे चांगला पंखा, असे नसते, हे त्या तुटलेल्या स्क्रूने दाखवून दिले. पुढे १८४५ साली इंग्रजांच्या आरमाराने दोन जहाजांची रस्सीखेच लावली. ‘रॅटलर’ या जहाजाला पंखा होता आणि ‘अलेक्टो’ला चाके होती.  रॅटलरने अलेक्टोला मागे ओढत नेले. तेव्हापासून पंख्यावर लोकांचा विश्वास बसत गेला.

आता आपण मूळ विषयाकडे वळू. समजा, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एका नाखव्याची छोटी होडी आहे. होडीवर नाखवा आणि तीन खलाशी काम करतात. म्हणजे चार घरांच्या चुली या होडीवर पेटतात. खाडीच्या तोंडाशी खडकावर आपटून पंख्याचे एक पाते तुटले. नारळी पौर्णिमा जवळ आली आहे. पावसाळ्यानंतर मासेमारी सुरू होईल. नाखव्याजवळ एकच पंखा घेण्यापुरते पैसे आहेत. निवड चुकली तर पैसेही जातील आणि हंगामाचे पहिले दिवसही जातील.

बंदरावर सल्ले देणारे पुष्कळ असतात. एक म्हणतो, “नाखवा, माझ्याकडे वेल्डिंग केलेला जुना पंखा आहे. निम्म्या किमतीत घेऊन जा.” दुसरा म्हणतो, “सहलीच्या बोटीला लावतात तसला पंखा घ्या. होडी बाणासारखी पळेल.” तिसरा म्हणतो, “स्टीलचाच घ्या. जन्मभर तुटायचा नाही.” तिघेही मनापासून बोलत आहेत. पण नाखव्याने कोणाचे ऐकावे? हे ठरवण्यासाठी पंख्याची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

पंख्याच्या मधल्या भागावर सहसा दोन आकडे कोरलेले असतात. समजा, तेथे १० आणि १३ असे आकडे आहेत. पहिला आकडा व्यासाचा असतो. पाती फिरताना जे वर्तुळ तयार होते, त्याचा व्यास १० इंच आहे, असा त्याचा अर्थ. दुसरा आकडा पिचचा असतो. पिच म्हणजे काय? लाकडात स्क्रू एक फेरा फिरवला की तो ठरावीक अंतर आत जातो. पंखाही असाच एका फेऱ्यात जेवढे अंतर पुढे जाऊ शकेल, ते अंतर म्हणजे पिच. पिच १३ असेल तर एका फेऱ्यात १३ इंच.

परंतु पाणी लाकडासारखे घट्ट नसते. ते मागे सरकते. म्हणून होडी हिशोबाप्रमाणे पूर्ण अंतर कधीच जात नाही. एक उदाहरण पाहू. इंजिन मिनिटाला ५००० फेरे फिरते. गिअरमुळे पंख्याचे फेरे निम्मे, म्हणजे २५०० होतात. पंख्याचे पिच १० इंच, म्हणजे २५.४ सेंटिमीटर आहे. तर मिनिटाला ६३५ मीटर, म्हणजे तासाला सुमारे ३८ किलोमीटर इतका वेग यायला हवा. प्रत्यक्षात ओझ्याने भरलेली होडी तासाला २४ किलोमीटरच जाते. या दोन वेगांतील फरकाला ‘स्लिप’ म्हणतात. येथे स्लिप सुमारे ३७ टक्के झाली. जड होडीची स्लिप जास्त असते आणि हलक्या होडीची कमी असते. थोडी स्लिप असणे हा दोष नाही, कारण पाणी मागे सरकते म्हणूनच होडी पुढे जाते.

पिच कमी असावे की जास्त? याचे उत्तर गिअरच्या सायकलवर मिळते. सपाट रस्त्यावर आपण जड गिअर लावतो. एका पायडलमध्ये सायकल लांब जाते. पण उड्डाणपुलाच्या चढावर, मागे कोणी बसले असताना, तोच गिअर लावला तर पाय थकतात आणि सायकल थांबते. तेथे हलका गिअरच लागतो. जास्त पिच म्हणजे जड गिअर आणि कमी पिच म्हणजे हलका गिअर. सहलीची हलकी बोट जास्त पिचवर पळते. जाळी, बर्फ, डिझेल किंवा पेट्रोलचे डबे, चार माणसे आणि परतताना मासे, एवढे ओझे वाहणाऱ्या होडीला कमी पिचच हवे.

पिच फार जास्त झाले तर इंजिनाचा दम कोंडतो. पूर्ण जोर लावूनही त्याचे फेरे वाढत नाहीत. ते तापते, इंधन जास्त पिते आणि लवकर झिजते. पिच फार कमी झाले तर इंजिन नको तेवढे जोरात फिरते. होडी मात्र त्या मानाने पुढे जात नाही आणि इंजिनाचे भाग तुटू शकतात. म्हणून इंजिन तयार करणारी कंपनी माहितीपुस्तकात एक मर्यादा छापते. पूर्ण जोर दिल्यावर फेरे किती ते किती असावेत, हे त्यात लिहिलेले असते. नवा पंखा निवडताना हाच आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे.

आपल्या नाखव्याच्या माहितीपुस्तकात ही मर्यादा ५००० ते ६००० फेरे अशी आहे, असे समजू. त्याने काय करावे? त्याने शेजाऱ्याकडून चाचणीपुरता एक पंखा मागून घ्यावा. त्याचे पिच १३ आहे. रोज असते तेवढे ओझे होडीत भरावे आणि खाडीच्या शांत पाण्यात पूर्ण जोर देऊन फेरे मोजावेत. फेरे मोजण्याच्या यंत्राला टॅकोमीटर म्हणतात. समजा, फेरे फक्त ४७०० भरले. म्हणजे हा पंखा या होडीला जड आहे. साधारण नियम असा की, पिच १ इंचाने कमी केले की फेरे १५० ते २०० ने वाढतात. पिच १३ वरून १० केले तर ४५० ते ६०० फेरे वाढतील. मग एकूण फेरे ५१५० ते ५३०० होतील. हे मर्यादेत बसते. होडी रिकामी असताना फेरे आणखी वाढतात, म्हणून वर थोडी जागा शिल्लक राहिलेली बरी. तेव्हा नाखव्याला १० पिचचा पंखा हवा. बाणासारखी पळणारी होडी त्याच्या उपयोगाची नाही. भरलेली होडी इंजिनाला त्रास न होता घरी आणणारा पंखा त्याला हवा आहे.

आता पंख्याच्या धातूचा विचार करू. लहान आउटबोर्ड इंजिनांना बहुतेक ॲल्युमिनियमचे पंखे असतात. ते स्वस्त आणि हलके असतात, पण खडकावर आपटले की वाकतात किंवा तुटतात. स्टेनलेस स्टीलचा पंखा फार मजबूत असतो. त्याची पाती पातळ करता येतात, त्यामुळे तो पाणी चांगले कापतो. मात्र त्याची किंमत बरीच जास्त असते. शिवाय आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पंखा खडकावर आपटला तर तो धक्का कोणाला तरी सोसावा लागतोच. पंखा वाकला नाही, तर धक्का आतल्या गिअरपर्यंत पोहोचण्याची भीती असते. पंखा बदलणे सोपे असते, पण गिअर बदलणे फार महाग पडते. खडकाळ खाडीतून रोज ये-जा करणाऱ्या गरीब नाखव्याला म्हणूनच ॲल्युमिनियमचा पंखा परवडतो.

हा धक्का कमी करण्यासाठी पंख्याच्या मध्यभागी रबराचा एक तुकडा घट्ट बसवलेला असतो. जुन्या लहान इंजिनांत त्याऐवजी एक नरम पिन असते. पंखा आपटला की पिन स्वतः तुटते आणि गिअर वाचवते. रबर झिजले तर मोठी गंमत होते. इंजिन जोरात ओरडते, पण होडी जागची हलत नाही. अशा वेळी घाबरून आणखी जोर देऊ नये. अगदी हळू वेगाने किनारा गाठावा. म्हणून जुना पंखा विकत घेताना त्याचे रबर तपासलेच पाहिजे.

वेल्डिंग केलेल्या पंख्याचे काय? चांगल्या कारागिराने दुरुस्त केलेला पंखा वाईट नसतो. पण तिन्ही पात्यांचे वजन आणि आकार सारखे राहिले पाहिजेत. एक पाते थोडेसे जड झाले तरी तोल बिघडतो. होडी थरथरते आणि त्या थरथरीने इंजिनाचे बेअरिंग आणि पाणी अडवणारी सील खराब होतात. असा पंखा घरी जादा म्हणून ठेवावा, रोजच्या कामाला लावू नये.

दुकानात गेल्यावर आणखी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, पंख्याच्या भोकातील खाचा. इंजिनाच्या दांड्यावरील खाचांची संख्या आणि पंख्यातील खाचांची संख्या एकच असली पाहिजे. नाहीतर पंखा बसणारच नाही. दुसरी, फिरण्याची दिशा. होडीच्या मागे उभे राहून पाहिले, तर पुढे जाताना बहुतेक पंखे घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात. काही पंखे उलट फिरणारेही असतात. तिसरी, पात्यांची संख्या. तीन पात्यांचा पंखा सर्वांत जास्त वापरला जातो. चार पात्यांचा पंखा जड ओझ्याला चांगली पकड देतो आणि कमी थरथरतो, पण त्याने कमाल वेग थोडा घटतो. जाताना तुटलेला पंखा सोबत न्यावा, हे सर्वांत उत्तम.

नवा पंखा बसवल्यावरही कधी कधी फेरे एकदम वाढतात आणि होडी मंदावते. तेव्हा पंखा ‘हवा खातो’ असे समजावे. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती पाण्याबाहेर राहिली की वरची हवा पंख्याकडे ओढली जाते. इंजिन फार उंच बसवल्यामुळे असे होते. तो दोष पंख्याचा नसतो. दुसरा एक प्रकार वेगळा आहे. पात्याच्या मागे दाब फार कमी झाला की थंड पाण्यातही वाफेचे बुडबुडे तयार होतात. ते फुटताना धातूचे बारीक कण उडवतात आणि पात्यावर लहान लहान खड्डे पडतात. पात्याची कड वाकलेली किंवा चिरलेली असली तर हा त्रास वाढतो.

पंखा बदलताना खबरदारी घेणे फार आवश्यक आहे. आधी इंजिन बंद करावे. इंजिन चुकूनही सुरू होणार नाही, याची खात्री करून घ्यावी. पाते आणि आडवी पट्टी यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा ठेवावा, म्हणजे नट फिरवताना पंखा फिरत नाही. हाताने पाते धरू नये, त्याची कड सुरीसारखी कापते. पंखा काढल्यावर दांड्यावर जाळ्याचा नायलॉनचा धागा गुंडाळला आहे का, ते पाहावे. हा धागा हळूहळू सील कापतो. मग गिअरचे तेल बाहेर येते आणि पाणी आत शिरते. दांडा स्वच्छ करून ग्रीस लावावे आणि मगच नवा पंखा बसवावा. नट घट्ट करून त्याची छोटी पिन लावण्यास विसरू नये. ही पिन फारच स्वस्त असते, पण ती नसेल तर पंखा भर समुद्रात निघून पाण्यात पडू शकतो. शहाणा नाखवा होडीत एक जादा पिन, एक नट आणि एक पाना नेहमी ठेवतो.

मित्रांनो, आपल्या नाखव्याने शेवटी काय केले असेल, ते आता तुम्हीच सांगू शकाल. त्याने १० पिचचा, तीन पात्यांचा, ॲल्युमिनियमचा नवा पंखा घेतला असेल. तो सर्वांत स्वस्त नव्हता, सर्वांत वेगवान नव्हता आणि सर्वांत मजबूतही नव्हता. पण त्याच्या होडीला, त्याच्या ओझ्याला आणि त्याच्या खाडीला तोच योग्य होता. सल्ला देणारे तिघेही खोटे बोलत नव्हते. ते फक्त त्याच्या होडीचे ओझे मोजत नव्हते. ते ओझे नाखव्याने स्वतः मोजले.

शेवटी भाषेची एक गोष्ट सांगतो. या पाठातील कितीतरी शब्द तुमच्या घरचेच आहेत. ‘बंदर’ आणि ‘खलाशी’ हे शब्द उर्दूतही आहेत. ‘नाखवा’ म्हणजे तुमचा ‘नाखुदा’. ‘दर्या’ हा शब्द मात्र गमतीचा आहे. उर्दूत दर्या म्हणजे बहुधा नदी, तर कोकणातला मच्छीमार समुद्रालाच दर्या म्हणतो. होड्यांबरोबर माल आला, माणसे आली आणि शब्दही आले. मासे, तलाव आणि मच्छीमारी यांचे शिक्षण घेण्यासाठी तर आता समुद्राकाठी जाण्याचीही गरज नाही. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० साली स्थापन झाले आणि त्याचे मुख्य ठिकाण आपले नागपूरच आहे.

शब्दार्थ

ओझे – बोझ
वेग – रफ्तार
व्यास – कुत्र
फरक – फर्क
तोल – तवाजुन
खबरदारी – एहतियात
कारागीर – दस्तकार, मिस्त्री
डोंगा – लहान, अरुंद होडी
हंगाम – मौसम
परवडणे – ऐपतीत बसणे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मच्छीमार प्रोपेलरला काय म्हणतात?
(आ) पिच म्हणजे काय?
(इ) फेरे मोजण्याच्या यंत्राचे नाव काय?
(ई) पंख्याच्या मध्यभागी रबर कशासाठी बसवतात?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) स्मिथचा स्क्रू तुटल्यावरही लोकांना आश्चर्य वाटले.
(आ) भरलेल्या मासेमारी होडीला कमी पिचचा पंखा लागतो.
(इ) जाळ्याचा धागा दांड्यावर राहू देऊ नये.

प्रश्न ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) तीन माणसांनी नाखव्याला कोणते सल्ले दिले? ते त्याच्या उपयोगाचे का नव्हते?
(आ) पंखा बदलताना कोणती खबरदारी घ्यावी?

प्रश्न ४. हिशोब करा.
एका होडीचे इंजिन १२ पिचच्या पंख्यावर ४८०० फेरे फिरते. मर्यादा ५००० ते ६००० आहे. ११ पिचचा पंखा लावला तर फेरे साधारण किती होतील? तुम्ही ११ पिचचा पंखा निवडाल की १० पिचचा? का?

प्रश्न ५. अनेकवचन लिहा.
पंखा, पाते, होडी, खाच, तलाव.

प्रश्न ६. वाक्यात उपयोग करा.
दम कोंडणे, चूल पेटणे, विश्वास बसणे.

उपक्रम
तुमच्या वस्तीतील कूलर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना भेटा. कूलरच्या पंख्याचे पाते वाकले तर काय होते, ते त्यांना विचारा आणि आठ ओळींत मराठीत लिहा. उर्दू आणि मराठीत सारखे असलेले दहा शब्द शोधून वर्गात वाचून दाखवा.